मदत हवी आहे : नाकाझोचा सादाकुरो रंगमंचावर बघायचाय

नमस्कार मंडळी. आमच्या हौशी नाट्यगटात पुढच्या महिन्यात मी काबुकी या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातला नट पहिला नाकामुरा नाकाझो (१७३६–१७९०) याच्यावर बोलणार आहे. मोठ्या घराण्याचं पाठबळ नसलेला हा माणूस एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रंगभूमीवर खालच्या पायरीपासून वर चढला.

१७६६ मध्ये त्याच्या वाट्याला 'कानादेहोन चुशिंगुरा' या नाटकाच्या पाचव्या अंकातला दरोडेखोर सादाकुरो आला. अगदी छोटी भूमिका. तोवर हा सादाकुरो रानटी वेशात यायचा. नाकाझोने त्याला पांढरा रंग लावला, काळा किमोनो घातला, हातात फाटकी छत्री दिली. पावसात निथळणारा, उपाशी, पण एकेकाळचा सामुराई! पावसात भिजलेल्या एका सामुराईला बघून हे सुचलं, अशी कथा सांगतात. एका म्हाताऱ्याला मारून सादाकुरो त्याची पैशांची पिशवी चाचपतो, "पन्नास र्यो" (र्यो म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) एवढंच म्हणतो. मग रानडुकरावर झाडलेली गोळी त्यालाच लागते आणि तोंडातलं रक्त पांढऱ्या मांडीवर ठिबकतं. आजही ही भूमिका याच धर्तीवर करतात. वाचूनच अंगावर काटा येतो हो.

टोकियोत राहणाऱ्या किंवा राहून आलेल्या कुणी हा अंक पाहिलाय का? काबुकी-झा नाट्यगृहात एकाच अंकाचं तिकीट मिळतं, तिथून चेहरा नीट दिसतो का? इंग्रजी उपशीर्षकं असलेलं अधिकृत चित्रीकरण कुठे मिळेल? आणि रंगभूषा करणाऱ्यांनो, ते रक्त नेमक्या क्षणी तोंडातून कसं सोडत असतील? आम्हाला तेवढा प्रसंग करून दाखवायचाय.