गॅस दोन, चहा एक

एकाच माणसात जीव अडकलेल्या बहिणी एका छपराखाली टिकत नाहीत, असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या दोन मावश्या टिकल्यात. थोरलीचं ज्याच्यावर मन होतं त्याने धाकटीशी लग्न केलं. तो गेल्यावर धाकटी माहेरी परतली. आता यात माया किती, देव जाणे. घर आजोबांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही, त्यामुळे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींचा हिस्सा सारखा. आईने हक्कसोड पत्र दिलं, उरल्या या दोघी. कोण कोणाला घालवणार? गॅस दोन आहेत, चहा मात्र एकत्र.

2008 च्या पुरात गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, ज्याच्यावरून नाशिककर पुराची पातळी ओळखतात, तो बुडाला, तेव्हा थोरलीने सगळ्यात आधी माळ्यावर काय चढवलं असेल? धाकटीच्या नवऱ्याचा फोटो. धाकटी ते बघून काही बोलली नाही.