मदत हवी आहे: इंदोऱ्याच्या बाजूने कळसूबाई (शिड्यांची वाट सोडून)

नमस्कार मंडळी,

कळसूबाईला बारीतून (पायथ्याचं गाव, लोखंडी शिड्यांची वाट तिथूनच) चार वेळा गेलोय, ती वाट तोंडपाठ आहे. मला माहिती हवीय ती इंदोऱ्याच्या वाटेची, म्हणजे इगतपुरी तालुक्यातल्या इंदोरे गावातून वर जाते ती. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणी त्या बाजूने चढून माथ्यावर पोचलं असेल तर प्लीज जरा सविस्तर लिहा.

कारण सांगतो, थोडं लांबेल. बाबा लहानपणी याच बाजूने वर जायचे. आजीचं माहेर त्या पट्ट्यातलं, नवरात्रात देवीची ओटी भरायला सगळं घर पहाटे अंधारातच निघायचं, त्यांच्या वाटेवर शिड्याबिड्या काही नव्हत्या, कातळात पाय ठेवायला खोबणी होत्या तेवढ्याच, आणि आजी काष्टा घट्ट खोचून डोक्यावर नैवेद्याची टोपली घेऊन चढायची असं बाबा सांगतात. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना वर नेणं शक्य नाही. पण त्यांची वाट मला एकदा चालायचीय. बायको बरोबर आहे, ती आजीच्या नावाने ओटी भरणार आहे. बाबा खाली बारीत थांबतील आणि आम्ही इंदोऱ्यातून चढून शिड्यांनी त्यांच्याकडे उतरायचं असा प्लॅन आहे.

फेब्रुवारीत एकदा प्रयत्न करून झालाय. साडेसातला गावातून निघालो, पहिल्या पदरापर्यंत (डोंगराच्या अंगावरची सपाटी) वाट चांगली मळलेली होती, नंतर ढोरवाटा इतक्या फुटल्या की कुठली खरी तेच कळेना, आम्ही त्यातली सगळ्यात ठळक दिसणारी धरली आणि तीच चुकली. तासभर कारवीच्या झुडपांतून वाकून वाकून चाललो, वर आलो तर समोर सरळ कातळभिंत. डावीकडे आडवं जाऊन बघितलं, तिथे घसारा (सुट्या माती-दगडांचा निसरडा उतार) होता आणि खाली धरायला काही नाही. दीड वाजला होता, पाणी माणशी एक लिटर उरलेलं, मी परत फिरायचं ठरवलं. दोघांना ते पटलं नाही पण सगळे फिरले. मला अजूनही वाटतं तो निर्णय बरोबर होता.

आता मुद्द्याचं. पदरावरून पुढे सोंडेने (खाली उतरत आलेल्या धारेवरून) चढायचं का नाळेने (दोन कड्यांमधल्या घळीतून), हे मला कळत नाहीये. मोबाईलच्या मॅपवर काँटूर (उंचीच्या रेषा) बघून सोंड बरी वाटते, पण काँटूरवर दहा-पंधरा फुटांचा कातळटप्पा दिसतच नाही आणि नेमका तिथेच माणूस अडकतो. बाबांना दोन कातळटप्पे आठवतात, दुसऱ्याच्या खाली डाव्या हाताला पाण्याची जागा आठवते, पण ती गोष्ट पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची आणि तेव्हा त्यांचं बोट मोठ्यांच्या हातात होतं. टप्पे अजून मोकळे चढता येतात का रोप लावावाच लागतो? आम्ही चौघं आहोत. मी आणि एक मित्र अलंग-मदन-कुलंग हे रोप लावून चढायचे अवघड किल्ले केलेले आहोत, रोप-हार्नेस आहे, बायको डोंगरात नेहमी असते, पण मावसभाऊ पाचनईच्या सोप्या वाटेने हरिश्चंद्रगड एवढंच केलेला आहे आणि त्याला मोकळ्या जागेवर खाली बघितलं की थरथर होते. त्याला न्यावं का नाही हे मला आधीच ठरवायचंय, टप्प्याखाली उभं राहून नाही.

तारीख नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा धरलीय. गवत वाळून पायाखाली सरकतं हे माहितीय, पण डिसेंबरपर्यंत थांबलो तर पाण्याचं काय होईल? शिवाय त्या कड्यांवर आग्या मोहोळं असतील तर कुठल्या भागात, तेही सांगा.

अजून एक. काळसूची, म्हणजे जिच्यावरून कळसूबाई नाव पडलं त्या देवीची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असेल. ती कोळ्याची मुलगी, इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली, अट एकच होती की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. एक दिवस घरातल्या कुणीतरी भांडी घासायला सांगितलीच. तिने मुकाट्याने घासली आणि जी डोंगर चढून गेली ती शेवटपर्यंत वरच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. आजी तिथे थांबून हात जोडायची, इतकं बाबांना पक्कं आठवतं, जागा मात्र आठवत नाही. गावातल्या दोन जणांनी मला दोन वेगळ्या जागा दाखवल्या. कुणी स्वतः तिथे गेलं असेल तर जवळची खूण सांगा, बाबांसाठी ही जागा माथ्याइतकीच महत्त्वाची आहे.

अपडेट: उत्तरांबद्दल मनापासून आभार. बऱ्याच जणांनी वाटाड्या घ्या म्हटलंय, हो, घेणारच आहे, फेब्रुवारीत न घेतल्याची चूक परत करायची नाही. पण गावातली तरुण पोरं सगळी बारीच्याच वाटेने जातात असं मला तिथे सांगितलं गेलं, त्यामुळे जुनी वाट पायाखालची असलेला, गुरं चारणारा कुणी जाणता माणूस गाठायला हवा. अशा माणसाला दिवसाचे किती द्यायचे, म्हणजे त्याची मजुरी बुडणार नाही असं?

एकांनी विचारलंय की एवढा खटाटोप कशाला, शिड्या आहेत ना. शिड्यांना माझा विरोध नाही, त्यांच्यामुळे साठी-सत्तरीची माणसं देवीपर्यंत पोचतात. पण ऑगस्टातल्या एका रविवारी मी पावसात पहिल्याच शिडीखाली दीड तास उभा होतो, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच शिडीवर, लहान मुलं रडतायत, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी तिकडून चढत नाही. आणि बाबांची वाट ही दुसरी आहे, एवढंच.

शेवटचा प्रश्न वेळेचा. सहाला इंदोऱ्यातून निघालो आणि वाट सापडली तर माथा किती वाजता येईल? नोव्हेंबरात सहालाच अंधारून येतं आणि शिड्या उजेडात उतरायच्यात. बाबा दुपारपासून बारीत डोळे लावून बसणार, त्यांना खरी वेळ सांगता आली पाहिजे.