फ्लॅट विकत घेताना बाहेरची भिंत मोजायची का?

जुळे सोलापूरकर: महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा (घरविक्रीचं नियमन करणारा कायदा) लागू आहे, फ्लॅट कार्पेटवरच, म्हणजे आतल्या मापावरच विकायचा. तरी विजापूर रोडला चौकशीला गेलं की पहिला आकडा 'सेलेबल'चाच कानावर पडतो. जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं त्यात मुरवलेलं. माझं म्हणणं, चालता-फिरता येतं तेवढंच मोजा. बाकीचा खर्च दरात घाला. दर वाढेना का, दोन बिल्डिंगा शेजारी ठेवून बघता तरी येतील.

साईटवाला: साहेब, रेराचं कार्पेट तुम्ही म्हणता तसं नाही. आतल्या पार्टिशन भिंती त्यात धरतात, गॅलरी आणि टेरेस वगळतात. खुर्ची टाकून बसायची जागा बाहेर, विटांची जागा आत!

आणि खरी गोम वेगळीच. एफएसआयला, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या हिशेबात, बाहेरची भिंत धरतात, विकताना धरत नाहीत. मग बिल्डर भिंतच बारीक करणार. बाहेरून २५ बाय ३० चा फ्लॅट घ्या, ७५० चौरस फूट. चारी बाजूंनी नऊ इंची भिंत असेल तर आत साधारण ६७० उरतात, सहा इंची केली की ६९६. २६ फूट जास्तीचे विकायला मिळाले. मे महिन्यात पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत भाजते, ते सोसायचं तुम्ही. बिल्ट-अपच बरं, बाहेरची भिंत धरून मोजलेलं.

रविवार पेठ: मोजणीला कशाला दोष देतो बे? सहा इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकमधून नऊ इंची विटेपेक्षा कमी उष्णता आत येते. आणि तुझ्या न्यायानं पेठेतल्या वाड्यातली खोली घ्यायची झाली तर दीड-दोन फुटी दगडी भिंतीचेही पैसे मोजायचे?

साईटवाला: ब्लॉक वापरलेत की अजून काही, करारात बघितलंय का कुणी?

होटगी रोड: एक मुद्दा राहिला. रेराच्या नमुना करारात कार्पेटचा फरक ३ टक्क्यांपर्यंतच चालतो. बांधकाम झाल्यावर त्या मर्यादेत कमी भरलं, तरी जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत. खोलीत टेप धरता येते. जिन्यातला माझा हिस्सा कसल्या टेपनं मोजू?

भवानी पेठ: हे मोठ्या स्कीमचं झालं. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले की रेराची नोंदणीच लागत नाही. जुनं घर पाडून चार-सहा फ्लॅट काढतात, तिथं कागदावर एकच आकडा. कसला, ते देव जाणे.

जुळे सोलापूरकर: नोंदणी नसली म्हणून १९६३ चा मोफा (महाराष्ट्राचा जुना फ्लॅट-विक्री कायदा) कुठं गेला? त्यातही विक्री कार्पेटवरच, आणि तिथं गॅलरीसुद्धा धरलीय.

साईटवाला: कायदा आहे हो, विचारतो कोण? कार्पेट लिहायचं तर शेजारी बाहेरच्या भिंतीची जाडी आणि मालही लिहा.

रविवार पेठ: म्हणजे कार्पेट मान्य झालं की!

साईटवाला: अजिबात नाही. भिंतीचे पैसे द्यायला कुणी तयार नसेल तर जाड भिंत बांधणार कोण, एवढं सांगा.