मदत हवी आहे: निटिनॉलची तार गार व्हायला फार वेळ घेते

नमस्कार मंडळी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी आम्ही विमानाचा बिजागरीशिवाय वाकणारा पंख करतोय. बाल्साच्या फासळ्या, मागची कड लवचीक आणि खालच्या अंगाने ०.१५ मिमीची निटिनॉलची (तापवला की मूळ आकारात परतणारा निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू) तार. करंट दिला की तार तापून लांबीच्या साधारण ४ टक्के आखडते आणि कड झकास खाली वाकते. घोडं अडतंय ते परतीला. तार गार होईपर्यंत कड तशीच लोंबत राहते. नासाने २०१७-१८ च्या चाचण्यांत याच जातीच्या मिश्रधातूने उडत्या मॉडेलचे पंख दुमडले, पण पंख दुमडायला थोडा वेळ लागला तरी चालतो. आम्हाला एलेरॉनचं, म्हणजे विमान डावीउजवीकडे कलवणाऱ्या मागच्या झडपेचं काम हवंय, आणि ते झटपट व्हायला हवं.

७० ऐवजी ९० अंश सेल्सिअसला आखडणारी तार लवकर गार होईल, पण बॅटरी जास्त खाईल. की वरच्या अंगाला उलट ओढणारी दुसरी तार लावावी? मग खालची गरम असेपर्यंत दोघींची कुस्तीच! कुणी करून पाहिलंय का?

शिवाय साधं सोल्डर या तारेला धरत नाही, म्हणून पितळी नळीत दाबून बसवतो, तर तीही हळूहळू सरकते. आत गाठ मारली तर तार तिथेच तुटेल का?

(‘सर्व्हो, म्हणजे कड हलवणारी छोटी मोटर लावा’ हे उत्तर सरांनी आधीच दिलंय.)