अग्नीची उष्णता: गुण की सत्त्व? उत्तरकालीन ग्रीक टीकाकारांची पळवाट

तर्ककर्कश:
ॲरिस्टॉटलने ‘कॅटेगरीज’ या दहा पदार्थवर्ग मांडणाऱ्या ग्रंथात द्रव्य आणि गुण यांची फारकत केली. माणूस किंवा घोडा हे द्रव्य. पांढरेपणा हा त्याच्या आश्रयाने राहणारा आणि त्याच्यापासून वेगळा राहू न शकणारा गुण. ‘द्विपाद’सारखे भेदक धर्म, म्हणजे एका जातीला दुसरीपासून वेगळे करणारे धर्म, असे आश्रयाने राहत नाहीत, असे तो त्याच ग्रंथात म्हणतो आणि ‘मेटाफिजिक्स’मध्ये मात्र द्रव्याचा भेदक धर्म हाच गुणाचा पहिला अर्थ ठरवतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी तिसऱ्या शतकात ॲरिस्टॉटलवर भाष्य करणाऱ्या पॉर्फिरीने सत्त्वपूरक, म्हणजे वस्तूचे सत्त्व पूर्ण करणाऱ्या, गुणांचा आधार घेतला. अग्नीतील उष्णता अग्नीचे सत्त्व पूर्ण करते, कारण ती गेली की अग्नीच उरत नाही. तापलेल्या लोखंडातील उष्णता आगंतुक, कारण थंड झाले तरी लोखंड ते लोखंडच. माझ्या मते ही पळवाट आहे. एकच उष्णता एकदा द्रव्याच्या आणि एकदा गुणाच्या पारड्यात टाकायची असेल, तर दहा पदार्थवर्ग मांडण्याचा खटाटोप कशासाठी? शिवाय गुणांमुळे द्रव्य पूर्ण होत असेल, तर ते ॲरिस्टॉटल मानतो तसे गुणांच्या आधीचे कसे?

मध्यमा:
पळवाट म्हणण्याआधी पॉर्फिरीचा युक्तिवाद पुरता पाहायला हवा. तो सहाव्या शतकातल्या सिंप्लिशियस या टीकाकाराने जपून ठेवला आहे. आश्रय दोन प्रकारचा असतो: एक निर्गुण मूलद्रव्य आणि दुसरा आकाराला आलेली वस्तू, म्हणजे कांसे किंवा सॉक्रेटिस. अग्नीची उष्णता पहिल्या आश्रयात राहते, पण अग्नीच्या संदर्भात ती त्याचा अंश असते. म्हणजे उष्णता पारडे बदलत नाही, आपला प्रश्न बदलतो. कसोटीही केवळ सतत आढळण्याची नाही. कावळा काळाच दिसतो, तरी काळेपणा पॉर्फिरीच्या मते आगंतुक, कारण पांढऱ्या कावळ्याची कल्पना करता येते.

तर्ककर्कश:
मग बर्फाचा पांढरेपणा पॉर्फिरी सत्त्वपूरक कसा ठरवतो? काळ्या बर्फाची कल्पना करता येत नाही काय? ॲरिस्टॉटलच्या आधीच्या ॲनॅक्झागोरस या ग्रीक तत्त्वज्ञाने तर बर्फ हे गोठलेले पाणी आणि पाणी काळे, म्हणून बर्फही काळे, असे साफ सांगितले होते. कल्पनाशक्तीच्या कसोटीवर कावळा नापास आणि बर्फ पास, हा निवाडा मला मनमानी वाटतो. मुळात या टीकाकारांना ग्रंथाचा शब्द वाचवायची घाई असते. गुण आश्रयापासून वेगळा राहू शकत नाही, तर सफरचंदाचा गंध नाकापर्यंत कसा येतो? यावर अलेक्झांड्रियाचा टीकाकार अमोनियस याचे एक उत्तर असे की ॲरिस्टॉटलने ‘ज्यात आहे’ म्हटले, ‘ज्यात होता’ म्हटलेले नाही!

वाचस्पती:
त्याचे दुसरे उत्तर आपण सोयीस्करपणे गाळलेत. गंधासोबत सफरचंदाचे सूक्ष्म कण निघतात, म्हणूनच ते काळाने सुकते आणि आक्रसते. ही व्याकरणाची नव्हे, निरीक्षणाची वाट आहे. आपल्या वैशेषिकांनीही वाऱ्यावरचा गंध पृथ्वीच्या कणांसोबत येतो असेच मानले. बर्फाविषयीचा आक्षेप मात्र मला मान्य आहे, त्याचे समाधान पॉर्फिरीत सापडत नाही.

मध्यमा:
ते पॉर्फिरीच्या गुरूकडे शोधावे. रोममध्ये शिकवणाऱ्या प्लोटायनसने (मृत्यू 270) इंद्रियगम्य द्रव्याला मूलद्रव्य आणि गुणांची एक प्रकारची रास म्हटले, त्यामुळे तो द्रव्य बुडवतो असा समज होतो. पण गुणांवरील त्याच्या छोट्या प्रकरणात तो वेगळी वाट धरतो. अग्नीची उष्णता हा गुण नव्हेच, ती अग्नीच्या रूपाची, म्हणजे त्याला अग्नी बनवणाऱ्या तत्त्वाची, क्रिया आहे. अग्नीपासून सुटून इतरत्र आढळते तेव्हा ती त्या क्रियेची छाया किंवा खूण असते आणि तेव्हाच तिला गुण म्हणावे. मग एकच उष्णता दोन पारड्यांत, ही आपली तक्रारच उरत नाही, आणि द्रव्य आधी की गुण आधी हाही प्रश्न सुटतो: आधी रूप, मग त्याची क्रिया, शेवटी तिची छाया.

तर्ककर्कश:
सुटतो, पण त्यासाठी मोजावी लागणारी किंमत लक्षात घ्या. ज्या जगाचे वर्गीकरण करायला आपण बसलो होतो, त्यात द्रव्य म्हणावे असे काहीच उरले नाही. खरे द्रव्य बुद्धिगम्य लोकात गेले. ॲरिस्टॉटलच्या घोड्याला हे मान्य करणे जड जाईल.

वाचस्पती:
म्हणूनच पॉर्फिरीने ‘कॅटेगरीज’ला इंद्रियगम्य वस्तूंविषयी बोलणाऱ्या शब्दांचा ग्रंथ मानले आणि हे वर्ग बुद्धिगम्य लोकाला लागू पडत नाहीत हा गुरूचा आक्षेप त्या मर्यादेबाहेर ठेवला. नंतरच्या बहुतेक टीकाकारांनी हीच वाट धरली; तिला पळवाट म्हणायचे तर सिंप्लिशियसपर्यंतची सगळी परंपराच पळालेली ठरेल.