मदत हवी आहे: नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेज बॉक्सवर) एका शेअर्ड फोल्डरमधून दुसऱ्यात मोठ्या फाइल्स हलवायला एवढा वेळ का लागतो?

नमस्कार मंडळी, नॅस वापरणाऱ्यांनी प्लीज बघा.

आमचं साताऱ्यात लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. कॅमेरे फोरकेला 100 एमबीपीएसवर असतात, म्हणजे तासाला साधारण 45 जीबी, त्यात हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन आणि तीन कॅमेरे, असं धरलं की एका लग्नाचा अर्धा टीबी सहज होतो. ऑफिसात चार डिस्कचा नॅस आहे, त्यावर 'चालू' आणि 'जुने' असे दोन शेअर्ड फोल्डर. पार्टीला फायनल व्हिडिओ दिला की रॉ फुटेज 'चालू'मधून 'जुने'मध्ये टाकायचं, एवढंच काम, पण त्यातच तास न् तास जातात.

गिगाबिट केबल लावून विंडोजमध्ये कट-पेस्ट करते. टास्क मॅनेजरमध्ये इथरनेटचा ग्राफ बघितला तर सेंड आणि रिसीव्ह दोन्ही सारखेच वर, म्हणजे फाइल नॅसवरून लॅपटॉपवर येतेय आणि परत नॅसवरच जातेय! वायफायवर तर बघायलाच नको. पण 'चालू'च्या आतच एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकलं तर तेवढाच डेटा क्षणात जातो. ब्राउझरमधून नॅसच्याच फाइल मॅनेजरने केलं तर लॅपटॉप बंद करून घरी जाता येतं, पण वेळ लागतोच. व्हॉल्यूम (डिस्क मिळून झालेली साठवणीची जागा) एकच आहे, फाइल सिस्टम बीटीआरएफएस, मग असं का?

आणि मधेच लाइट गेले की कुठली फाइल गेली, कुठली राहिली हे शोधत बसावं लागतं. लोकांच्या लग्नाचं फुटेज आहे, ते परत शूट होत नाही, त्यामुळे स्पीडइतकीच सेफ्टीही हवीय. दोन्ही फोल्डर एकाच शेअरमध्ये आणले तर चालेल का? 'जुने' एडिटर मुलांना फक्त वाचता येतं, ते तसंच राहायला हवं.

प्रतिसाद:
ताई, बीटीआरएफएसवाल्या नॅसवर सहसा प्रत्येक शेअर्ड फोल्डर हा वेगळा सबव्हॉल्यूम, म्हणजे त्याच व्हॉल्यूममधला स्वतंत्र कप्पा असतो. एका सबव्हॉल्यूममधून दुसऱ्यात नुसता पत्ता बदलून फाइल जात नाही, कॉपी होते आणि मग मूळची डिलीट होते, त्याच डिस्क वाचणार आणि त्याच लिहिणार म्हणून वेळ. एकाच शेअरखाली दोन साधे फोल्डर करा, वायफायवरूनही क्षणात होईल. परमिशन फोल्डरवार देता येतात, फक्त हलवलेली फाइल आधीची परमिशन घेऊन येऊ शकते, तेव्हा 'जुने'ची परमिशन आतल्या सगळ्याला परत लावून घ्या.

आत्ता जे दोन शेअरमध्ये आहे ते एसएसएचने (नॅसवर दुरून कमांड देण्याची सोय) लॉगिन करून आरसिंक या कॉपीच्या कमांडने हलवा, रिमूव्ह सोर्स फाइल्स हा ऑप्शन देऊन. फाइल पूर्ण पोचली तरच तो मूळची काढतो, लाइट गेले तर तीच कमांड परत द्यायची. रिकामे फोल्डर मागे राहतात, ते हाताने काढा. रिफ्लिंक कॉपीने (डेटा परत न लिहिता होणारी कॉपी) लगेच होतं कारण ब्लॉक, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे तुकडे, तेच राहतात, पण दोन्ही शेअरची चेकसम (डेटा बिघडला का ते तपासायचा आकडा) सेटिंग सारखी हवी, नाहीतर एरर येते. आणि 'चालू'चे स्नॅपशॉट (फोल्डरची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) असतील तर हलवल्यावरही जागा मोकळी होणार नाही, ते जुने ब्लॉक धरून ठेवतात.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार! स्नॅपशॉट आहेत, मग ते आधीच काढून टाकू का?

प्रतिसाद:
अजिबात नको. आधी सगळं हलवा, प्रत्येक लग्नातल्या मोठ्या क्लिप शेवटपर्यंत चालवून बघा, बॅकअप घ्या, मगच स्नॅपशॉट काढा. आणि नॅसला यूपीएस नसेल तर तो सगळ्यात आधी घ्या.