मदत हवी आहे: स्टॅक केलेल्या (अनेक फ्रेम एकत्र करून बनवलेल्या) आकाशाच्या फोटोत तिरप्या रेघा, डार्क वजा करूनही जात नाहीत

नमस्कार मंडळी,

अंबाजोगाईजवळ बालाघाटच्या माळावर आमचं शेत आहे. तिथून ज्येष्ठा ताऱ्याभोवतीचे रंगीत तेजोमेघ टिपतोय. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, १३५ मिमी लेन्स, छोटा स्टार ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीनं कॅमेरा फिरवणारी मोटर). आयएसओ १६००, ६० सेकंदांच्या शंभरेक फ्रेम. लॅपटॉप, गायडिंग (ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकर आपोआप सुधारणं) वगैरे काही नाही.

सुटी फ्रेम पाहिली तर तारे गोल, तक्रारीला जागा नाही. पण सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करून स्ट्रेच केलं (अंधुक भाग उजळवला) की पार्श्वभूमीभर एकाच दिशेनं लाल-हिरव्या रेघा उमटतात, काचेवरून पाऊस ओघळावा तशा. डार्क (झाकण लावून घेतलेल्या फ्रेम), फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या), बायस (झाकण लावून, अगदी कमी वेळाच्या), सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमपेक्षा वेगळे पडणारे ठिपके गाळणं) सगळं झालं. कमी होतात, जात नाहीत.

मग त्याच फ्रेम तारे न जुळवता नुसत्या एकावर एक ठेवल्या. तारे लांबले आणि रेघांचे ठिपके झाले! म्हणजे ठिपके सेन्सरवर जागच्या जागी आहेत, आकाश हळूहळू सरकतंय. आपल्याकडं ध्रुव जेमतेम १८-१९ अंशांवर, त्यात एप्रिलची धूळ. ट्रॅकर ध्रुवाशी अगदी नेमका जुळवणं अवघडच.

तर संगणकाशिवाय डिदरिंग (फ्रेमगणिक कॅमेरा मुद्दाम थोडा सरकवणं) कसं करता? आणि आहेत त्या फ्रेम वाचतील का? कृपया नॉइज घालवणारं सॉफ्टवेअर सुचवू नका, त्यात अंधुक तेजोमेघही पुसला जातो.

प्रतिसाद

दादा, निदान बरोबर आहे. आकाश हळू सरकल्यानं ओढल्यासारख्या दिसणाऱ्या अशा रेघा, हाच वॉकिंग नॉइज. सरकणं इतकं संथ असतं की गरम पिक्सेल (सेन्सरवरचा उगाच उजळ दिसणारा ठिपका) तारे जुळवल्यावरही बऱ्याच फ्रेममध्ये जवळपास त्याच जागी पडतो. सिग्मा क्लिपिंगला तो परका वाटतच नाही, मग काढणार कसा?

लॅपटॉप लागत नाही. दर दोन-तीन फ्रेमनंतर ट्रॅकरची मोटर ५ सेकंद बंद ठेवा. तुमच्या लेन्सला एक पिक्सेल साधारण ५.७ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे ज्येष्ठेजवळ चित्र १२ पिक्सेल सरकतं. तेवढं पुरे. मात्र दर वेळी ५ नको. कधी ३, कधी ८, मधूनच बटण दाबून ट्रॅकर पुढं ढकला. ध्रुव चुकल्यामुळं होणारं सरकणं बहुतेक उत्तर-दक्षिण असतं आणि हे पूर्व-पश्चिम, म्हणून फायदा जास्त.

डार्क केव्हा घेतले? तापमान दर ६-७ अंश वाढलं की डार्क करंट (उजेड नसतानाही सेन्सरमध्ये साठणारा सिग्नल) जवळपास दुप्पट होतो. आपल्याकडं रात्री दहाला भट्टी आणि पहाटे गारवा, त्यामुळं सगळे डार्क पहाटे घेतले तर सुरुवातीच्या फ्रेमला ते कमी पडणार. थोडे सुरुवातीला, थोडे मध्ये, थोडे शेवटी घ्या.

जुन्या फ्रेम टाकू नका. कॉस्मेटिक करेक्शन (गरम पिक्सेल शोधून दुरुस्त करणारी सोय) लावा, आणि पुढच्या अमावस्येला कॅमेरा काटकोनात फिरवून नव्या फ्रेम घेऊन सगळ्या एकत्र स्टॅक करा. कॅमेरा फिरवला की गरम पिक्सेल ताऱ्यांच्या मानानं वेगळ्या जागी पडतात, दोन वेळच्या रेघा एकमेकींवर येत नाहीत, मग क्लिपिंगला त्या सापडणं सोपं जातं.

मूळ धागाकर्ता

डार्क पहाटेचेच आहेत, सगळे. काटकोनाचं डोक्यातच आलं नव्हतं. पण फ्लॅट दोन्ही स्थितींचे वेगळे लागतील ना?

प्रतिसाद

हो, वेगळेच घ्या. मधल्या काळात धूळ किंवा फोकस बदलला की जुने फ्लॅट जुळत नाहीत.